बॉबी प्लम्पचे दहा गुण आणि इंडियानाच्या गावांचं बास्केटबॉल

२० मार्च १९५४ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या शालेय बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला. मायलन या छोट्या गावाची शाळा ३२, मन्सी शहराची मन्सी सेंट्रल शाळा ३०. जिंकलेल्या संघातल्या बॉबी प्लम्पने त्या सामन्यात दहा गुण केले. बास्केटवर दहा वेळा चेंडू मारला, त्यातले तीन आत गेले, म्हणजे सहा गुण; उरलेले चार फ्री थ्रोचे, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या एकेका गुणाच्या मोकळ्या फेकींचे. त्याच्याच संघातल्या रे क्राफ्टचे गुण चौदा होते. तरी सत्तर वर्षांनंतरही इंडियानात ज्याला बास्केटबॉलचं थोडंफार कळतं, त्याला प्लम्पचं नाव ठाऊक असतं.

नुसता गुणतक्ता बघून हे कोडं सुटत नाही. एखाद्या शाळकरी खेळाडूने किती मोठं काम केलं, हे समजायला तो कोणत्या नियमांखाली खेळला, स्पर्धेची रचना काय होती आणि त्याच्या गावाला त्या सामन्याचं काय महत्त्व होतं, हे कळावं लागतं. इंडियानात या तिन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एक सोडवायला घेतली की उरलेल्या दोन्ही हातात येतात.

बास्केटबॉलचा जन्म इंडियानातला नव्हे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ रचला. वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या माणसांमार्फत तो इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिलला पोहोचला आणि मार्च १८९४ मध्ये तिथे क्रॉफर्ड्सव्हिल विरुद्ध लाफायेट असा सामना झाला. १९११ साली शाळांची पहिली राज्यस्तरीय स्पर्धा भरली. तीही क्रॉफर्ड्सव्हिलनेच जिंकली.

हा खेळ इथल्या खेड्यांत इतका का रुजला, याचं उत्तर सरळ आहे. इंडियाना शेतीचा मुलूख. पिकं निघाली की लांबलचक थंडी, बाहेर बर्फ, हाताला काम कमी. अमेरिकी फुटबॉलला एका वेळी मैदानात अकरा धट्टीकट्टी मुलं लागतात, वर राखीव खेळाडू, वर महागडं साहित्य. बास्केटबॉलला पाच मुलं, एक चेंडू आणि कोठाराच्या भिंतीवर ठोकलेली एक रिंग पुरते. मायलनच्या शाळेत १९५४ साली नववी ते बारावी मिळून १६१ विद्यार्थी होते. त्यातले ७३ मुलगे, आणि त्या ७३ पैकी ५८ जण संघाच्या निवड चाचणीला उतरले होते. एवढ्याशा शाळेतून दहा जणांचा चांगला संघ निघतो तो असा. गावातली धडधाकट पोरं दुसरीकडे कुठे विखुरलेलीच नसतात.

एकच स्पर्धा, सगळ्यांसाठी

आता स्पर्धेची रचना बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. आपल्याकडे वयोगट असतात, जिल्हा-विभाग-राज्य अशी चढण असते. इंडियानात चढण होती, पण शाळेच्या आकारानुसार गट नव्हते. १६१ विद्यार्थ्यांची शाळा आणि दोन हजार विद्यार्थ्यांची शाळा एकाच स्पर्धेत, एकाच करंडकासाठी खेळत. १९५४ साली ७५१ शाळा उतरल्या होत्या.

पहिला टप्पा सेक्शनल. राज्यभर अशी ६४ केंद्रं, प्रत्येक केंद्रावर शेजारपाजारच्या साधारण बारा शाळा. कोण कोणाशी खेळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. मानांकन नाही, त्यामुळे परिसरातले दोन सर्वोत्तम संघ पहिल्याच दिवशी भिडू शकत आणि त्यातला एक घरी जाई. सेक्शनलचे ६४ विजेते चार-चारच्या गटाने १६ रीजनलमध्ये, तिथले १६ विजेते तसेच चार सेमी-स्टेटमध्ये, आणि उरलेले चार संघ स्टेट फायनलला. सगळं बाद पद्धतीने. एकदा हरलात की मोसम संपला.

यात एक गोष्ट वाचताना सहज निसटते. रीजनलपासून पुढे प्रत्येक टप्प्याला एकाच शनिवारी दोन सामने असत. सकाळी-दुपारी उपांत्य सामना, रात्री अंतिम. म्हणजे तीन शनिवारांत सहा सामने, आणि प्रत्येक रात्री समोर असाच संघ जो त्याच दिवशी एक सामना जिंकून आलाय. लहान शाळेचे सहा-सातच भरवशाचे खेळाडू असतात. रात्री पाय जड झाले की उडी अपुरी पडते आणि चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली पडतो. मोठी शाळा राखीव फळी उतरवून हे निभावते, लहान शाळेला तसं करता येत नाही.

गणितच करून बघा. समजा एखादा संघ इतका चांगला आहे की प्रत्येक सामना जिंकायची शक्यता ८० टक्के. सलग सहा सामने जिंकायची त्याची शक्यता उरते जेमतेम २६ टक्के. यात सेक्शनलचे सामने धरलेलेच नाहीत. म्हणून इंडियानातल्या जुन्या खेळाडूच्या नावापुढे ‘सेक्शनल विजेता’ एवढंच दिसलं तरी नाक मुरडू नये. शेजारच्या दहा-अकरा गावांमधून वर येणं हेच बहुतेक शाळांसाठी आयुष्यभर पुरणारं यश होतं.

गावोगावचे अवाढव्य हॉल याच रचनेतून उभे राहिले. सेक्शनल किंवा रीजनलचं यजमानपद त्यालाच मिळे, ज्याच्याकडे लोक बसवायला जागा आहे. यजमानपद म्हणजे तिकिटांचा पैसा आणि घरच्या फरशीवर खेळायचा फायदा. मग चढाओढ लागली. मार्टिन्सव्हिलने १९२४ साली ५,२०० आसनांचा हॉल बांधला, तेव्हा गावाची लोकसंख्या त्याहून कमी होती. पुढे यूसीएलए विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक झालेले जॉन वुडन याच शाळेतून खेळले आणि १९२७ चं राज्य विजेतेपद घेऊन बाहेर पडले. इंडियानापोलिसला १९२८ साली १५,००० आसनांचं बटलर फील्डहाउस उघडलं. पुढची दोन दशकं देशात बास्केटबॉलसाठी याहून मोठं सभागृह नव्हतं. आज ते हिंकल फील्डहाउस म्हणून ओळखलं जातं आणि अजून वापरात आहे. न्यू कॅसल या छोट्या शहराने १९५९ मध्ये उघडलेला हॉल शाळेच्या हॉलांमध्ये जगात सर्वांत मोठा मानला जातो. राज्याचं बास्केटबॉल संग्रहालय, हॉल ऑफ फेम, त्याच्याच शेजारी आहे.

चार मिनिटं तेरा सेकंद

आता प्लम्पकडे येऊ. मायलनपासून जवळच्या पिअर्सव्हिल नावाच्या इवल्याशा वस्तीतला हा मुलगा. संघातले आणखी काही जण त्याच वस्तीतले, लहानपणापासून एकत्र खेळलेले. मायलन १९५४ साली अचानक उगवलं नव्हतं. आदल्या वर्षी, मार्व्हिन वूड या तरुण प्रशिक्षकाच्या पहिल्याच मोसमात, ते राज्याच्या शेवटच्या चारांत पोहोचून हरले होते. त्यामुळे ‘कुठूनतरी आलेलं गाव जिंकून गेलं’ ही कथा ऐकायला छान असली तरी अर्धवट आहे. त्यांच्याकडे अनुभव होता आणि एक पक्की युक्ती होती: चेंडू धरून ठेवायचा.

त्या वेळी शालेय बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक नव्हतं. कबड्डीत चढाईला तीस सेकंदांचं बंधन असतं, तसं इथे काहीच नाही. चेंडू हातात आला की प्रतिस्पर्धी तो हिसकावत नाही तोवर वाटेल तेवढा वेळ ठेवा. व्यावसायिक खेळातही तेव्हा हीच तऱ्हा होती. २२ नोव्हेंबर १९५० रोजी इंडियानाच्याच फोर्ट वेन संघाने चेंडू दाबून धरत मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असं हरवलं. असल्या सामन्यांना प्रेक्षक कंटाळले आणि एनबीए या व्यावसायिक लीगने १९५४-५५ च्या मोसमापासून २४ सेकंदांची मर्यादा आणली.

कमकुवत संघाला चेंडू धरून काय मिळतं? समजा उंच, बलवान संघ चेंडू ताब्यात आल्यावर दर खेपेला सरासरी एक गुण काढतो आणि लहान संघ ०.९. दोघांना साठ-साठ खेपा मिळाल्या तर फरक सहा गुणांचा. दहा-दहाच मिळाल्या तर फरक एका गुणाचा, म्हणजे एका बास्केटच्या निम्मा. खेपा कमी केल्या की दर्जातला फरक आटतो आणि नशिबाचा वाटा वाढतो. मोठ्या शाळेसमोर लहान शाळेला हेच हवं असतं.

ही युक्ती फसते तीही ठरावीक ठिकाणी. प्रतिस्पर्धी दोघा-दोघांनी येऊन चेंडूवाल्याला कोपऱ्यात कोंडतात आणि घाईचा पास हुकतो. किंवा मुद्दाम फाउल करतात, आणि तुमची मुलं फ्री थ्रोमध्ये कच्ची असतील तर धरलेल्या वेळेचं चीज होत नाही. म्हणून चेंडू त्याच्याच हातात ठेवायचा ज्याचं ड्रिबल पक्कं आणि फ्री थ्रो त्याहून पक्का. मायलनमध्ये तो मुलगा प्लम्प होता.

अंतिम सामन्यात मध्यंतराला मायलन २३-१७ असं पुढे होतं. तिसऱ्या चतुर्थकात त्यांचे चेंडू आत जाईनात आणि २६-२६ अशी बरोबरी झाली. मग मन्सीने २८-२६ अशी आघाडी घेतली. इथे प्रशिक्षक वूडने जे केलं ते आजही लोकांना चक्रावून टाकतं. संघ दोन गुणांनी मागे, शेवटचं चतुर्थक आठच मिनिटांचं, आणि त्यातली चार मिनिटं तेरा सेकंद प्लम्प चेंडू घेऊन जवळजवळ जागच्या जागी उभा राहिला.

वरवर हे आत्मघातकी वाटतं, पण हिशेब बरोबर होता. पिछाडी एकाच बास्केटची होती. मुलांचा नेम बिघडला होता, त्यांना सावरायला वेळ हवा होता. घाईने मारलेला चेंडू रिंगवरून उसळला असता तर उंच मन्सीने रिबाउंड घेऊन चार गुणांची आघाडी केली असती, आणि पिछाडीवरच्या संघाचं चेंडू धरण्याचं हत्यार तिथेच बोथट झालं असतं. मन्सी आघाडीवर असल्याने बाहेर येऊन चेंडू हिसकावण्याची जोखीम घ्यायला तयार नव्हती. दोन्ही संघांना थांबणं परवडत होतं, आणि घड्याळ चालत राहिलं.

प्लम्पने अखेर चेंडू मारला तेव्हा तो चुकला. पण मायलनने चेंडू पुन्हा मिळवला आणि क्राफ्टने २८-२८ केले. हे बास्केट नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि माझ्या मते क्राफ्टला त्याचं श्रेय फारच थोडं मिळालं. प्लम्पने दोन फ्री थ्रो घालून ३०-२८ केले, मन्सीच्या जीन फ्लॉवर्सने बरोबरी साधली. १८ सेकंद उरले असताना मायलनने टाइम-आउट घेतला. ठरलं ते असं: बाकीच्या चौघांनी मैदानाच्या एका बाजूला सरकायचं, म्हणजे त्यांच्यामागे त्यांचे पहारेकरीही सरकतील आणि प्लम्पसमोर एकटा जिमी बार्न्स उरेल. पाचपाच जणांचा सामना एकास-एक करून टाकायचा. प्लम्पने डावीकडे हूल दिली, उजवीकडून आत शिरला, बार्न्स मागे हटताच थांबून साधारण पंधरा फुटांवरून उडी घेत चेंडू सोडला. बार्न्सला पुढे यायला अर्धा क्षण उशीर झाला.

चेंडू आत गेला. दुसऱ्या दिवशी जेमतेम अकराशे वस्तीच्या मायलनमध्ये सुमारे चाळीस हजार लोक जमल्याचं सांगतात.

ज्यांना दारच उघडं नव्हतं

‘सगळ्यांसाठी एकच स्पर्धा’ हे वाक्य १९४२ पर्यंत खोटं होतं. इंडियानापोलिसची क्रिस्पस अॅटक्स शाळा १९२७ मध्ये फक्त कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी काढली गेली. राज्याची शालेय क्रीडा संघटना अशा शाळांना आणि कॅथलिक शाळांना स्पर्धेत घेतच नव्हती. ही बंदी १९४२ साली उठली.

अॅटक्सचं स्वतःचं जिम इतकं लहान होतं की घरच्या फरशीवर मोठे सामने घेता येत नसत. इतर शाळांना यजमानपणाचा जो फायदा मिळे तो यांच्या वाट्याला आलाच नाही. संघ सतत प्रवासात, पुष्कळदा अशा गावांत जिथे रात्री त्यांना जेवायला कोणी दारात उभं करत नसे. प्रशिक्षक रे क्रो यांची शिकवण कडक होती: पंचांशी वाद नाही, पहिल्या दहा गुणांची आघाडी पंचांच्या नावाची समजा आणि त्यापुढचं जिंका. या क्रोंचा भाऊ जॉर्ज हा १९३९ साली इंडियानाचा पहिलावहिला ‘मिस्टर बास्केटबॉल’ ठरलेला खेळाडू.

प्लम्पचं मायलन १९५४ च्या सेमी-स्टेटमध्ये अॅटक्सला ६५-५२ असं हरवून पुढे गेलं होतं. त्या अॅटक्समध्ये एक दहावीतला मुलगा होता, ऑस्कर रॉबर्टसन. पुढची दोन्ही वर्षं राज्य विजेतेपद अॅटक्सकडे गेलं. १९५५ मध्ये गॅरी रूझवेल्टला ९७-७४ ने हरवून, आणि १९५६ मध्ये ३१ सामन्यांत एकही न हरता, लाफायेट जेफरसनला ७९-५७ ने नमवून. १९५५ चं विजेतेपद हे देशात खुल्या राज्य स्पर्धेत संपूर्ण कृष्णवर्णीय शाळेने मिळवलेलं पहिलं, आणि इंडियानापोलिस शहराचंही पहिलंच. १९५६ चा संघ राज्याच्या इतिहासातला पहिला अपराजित विजेता. त्या अंतिम सामन्यात रॉबर्टसनने एकट्याने ३९ गुण केले, तेही ३२ मिनिटांच्या सामन्यात, तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून घातलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात) अस्तित्वात नसताना.

मायलनच्या मुलांचं राज्यभर कौतुक झालं. अॅटक्सच्या मुलांना १९५५ मध्ये शहराच्या मध्यवर्ती चौकातून फिरवून थेट कृष्णवर्णीय वस्तीतल्या बागेकडे नेण्यात आलं, जल्लोष तिथे करा म्हणून. रॉबर्टसन पुढे १९६० च्या ऑलिंपिक सुवर्ण संघात होता, एनबीएमध्ये १९६१-६२ च्या मोसमात गुण, रिबाउंड आणि असिस्ट (सोबत्याच्या बास्केटसाठी दिलेला पास) या तिन्हींत त्याची सरासरी दोन अंकी राहिली. तरी त्या रात्रीचा सल त्याने अनेकदा बोलून दाखवला. इंडियानाच्या बास्केटबॉलचा वारसा सांगताना मायलन आधी आणि अॅटक्स नंतर सांगायची सवय पडली आहे. खेळाच्या दर्जाने पाहिलं तर क्रम उलटा हवा.

गट पडले ते का

मायलनएवढ्या लहान शाळेने सगळ्यांसाठीची ती एकच स्पर्धा पुन्हा कधी जिंकली नाही. एक कारण शाळांचं विलीनीकरण. १९५९ च्या कायद्यानंतर खेड्यांतल्या शाळा भराभर एकत्र आल्या. पुढे एनबीएचा तारा झालेला लॅरी बर्ड जिथून खेळला ती स्प्रिंग्ज व्हॅली शाळाही फ्रेंच लिक आणि वेस्ट बेडन या शेजारी गावांच्या शाळा १९५७ मध्ये एक होऊन बनलेली. १९९७ पर्यंत स्पर्धेतल्या शाळा चारशेच्या आत आल्या आणि उरलेल्या लहान शाळांना मोठ्यांसमोर जिंकणं आणखी अवघड झालं. १९९६ मध्ये संघटनेने मतदान करून १९९७-९८ पासून विद्यार्थीसंख्येनुसार चार गट पाडले. प्लम्पचा याला जाहीर विरोध होता.

विरोधातला ठोस मुद्दा शेजाराचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी सेक्शनल खेळलेली दोन गावं वेगवेगळ्या गटांत गेली, संघ दूरच्या अनोळखी शाळांशी खेळायला लागले आणि हॉल रिकामे दिसू लागले. गटांच्या बाजूचा मुद्दाही तितकाच खरा आहे: आधीच्या चाळीसेक वर्षांत लहान शाळेतल्या मुलांना राज्य विजेतेपद कागदावरच शक्य होतं. मला दुसरी बाजू जास्त पटते. पण त्याची किंमत गावांनी मोजली, हे मान्य करायलाच हवं. २०१२ पासून आणखी एक नियम आला: यशस्वी संघाला टप्प्यांनुसार गुण मिळतात आणि दोन वर्षांत ठरावीक गुण झाले की शाळा वरच्या गटात ढकलली जाते. म्हणजे गट दिसला तरी तो विद्यार्थीसंख्येनेच ठरला असेल असं समजू नका.

जुन्या खेळाडूचा तक्ता कसा वाचावा

वर्तमानपत्रातला जुना गुणतक्ता मिळाला तर त्यात सहसा तीनच रकाने कामाचे: मैदानी बास्केट, फ्री थ्रो आणि फाउल. १९८७ पूर्वीचा असेल तर पडताळणी सोपी, बास्केट गुणिले दोन अधिक फ्री थ्रो. प्लम्पच्या अंतिम सामन्याचं बघा: तीन बास्केटचे सहा, फ्री थ्रोचे चार, एकूण दहा. बेरीज जुळत नसेल तर छापताना चूक झाली आहे किंवा दोन भावांची नावं एकत्र झाली आहेत. रिबाउंड आणि असिस्ट त्या काळात बहुधा नोंदवलेच जात नसत, त्यामुळे बचाव करणारा किंवा चेंडू पुरवणारा खेळाडू कागदावर दिसतच नाही. त्याच्याबद्दल संघसोबत्यांच्या मुलाखतींवरच विसंबावं लागतं.

१९८७-८८ पासून शाळांमध्ये तीन गुणांची रेषा आली. ती येण्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवू नका. सामन्यांचा वेगही बघा. ३२-३० च्या सामन्यातले दहा गुण म्हणजे संघाच्या जवळपास तिसरा हिस्सा.

कारकिर्दीचे एकूण गुण सांगितले असतील तर पहिला प्रश्न: किती वर्षं मुख्य संघात? रॉबर्टसन तीन वर्षं, काही जण चार. ‘मिस्टर बास्केटबॉल’ हा मतदानाने मिळणारा मान आहे, शेवटच्या वर्षातल्या खेळाडूंपुरता. १९५४ ला तो प्लम्पला आणि १९५६ ला रॉबर्टसनला मिळाला. लॅरी बर्डला १९७४ मध्ये मिळाला नाही, त्यामुळे हा मान नसणं म्हणजे खेळाडू दुय्यम असं मुळीच नाही. आणि ‘राज्य विजेता’ असं ऐकलं की साल विचारा. १९९७ किंवा त्याआधीचं असेल तर तो अख्ख्या राज्यातला एकमेव, नंतरचं असेल तर चारांपैकी एक.

डेमन बेलीचा विक्रम या सगळ्या कसोट्यांवर तपासून बघण्याजोगा आहे. बेडफर्ड नॉर्थ लॉरेन्स शाळेकडून १९८६ ते १९९० अशी चारही वर्षं मुख्य संघात, ३,१३४ गुण, हा राज्याचा विक्रम. पहिलं वर्ष तीन गुणांच्या रेषेविना, उरलेली तीन रेषेसह. १९९० चा अंतिम सामना एकाच गटाच्या काळातला, कॉन्कॉर्डविरुद्ध ६३-६०, आणि संघाचे शेवटचे अकराही गुण त्याचेच. इंडियानापोलिसच्या हूझियर डोममध्ये त्या रात्री ४१,०४६ प्रेक्षक होते.